धुळातात्यांची पानफुटी

मागच्या महिन्यात मुलीने पुण्याहून एक फोटो पाठवला. खिडकीत ठेवलेली कुंडी, कुंडीत जाड मांसल पानांचं नीटनेटकं विकतचं झाड, आणि शेजारी तिचं मांजर ऐटीत बसलेलं. खाली लिहिलं होतं, "बाबा, हे सक्युलंट आहे. मांजराने खाल्लं तर चालतं ना? तुम्ही जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात होतात, तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. पण तेवढं कळवायलाही मी दोन दिवस लावले. शेवटी तिचाच चिडून फोन आला, तेव्हा म्हणालो, "आधी कुंडी गॅलरीत ठेव आणि दार लाव. मग मांजराच्या डॉक्टरला त्या झाडाचं नाव सांगून विचार."

"एवढं सांगायला दोन दिवस?"

आता तिला काय सांगणार? ते दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर धुळातात्या होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. ते असते तर त्यांनी तरी काय सांगितलं असतं, हाच विचार मी करत होतो.

बावड्याच्या रस्त्याला एका गावात आमचा जनावरांचा सरकारी दवाखाना होता. मी तिथे पशुधन पर्यवेक्षक. पदाचं नाव भारदस्त. काम म्हणजे गाईंचं रेतन, लसीकरण आणि तक्ते भरणं, आणि यातलं तिसरं सगळ्यात जास्त. बारामतीहून रोज सकाळी मी एसटीने जायचो आणि पोचायचो तेव्हा दवाखाना झाडून, पाणी मारून तयार असायचा. ते काम शिपायाचं होतं, पण शिपायाच्या आधी तात्या येत. सरकारी कागदावर तात्या 'व्रणोपचारक' होते. हा शब्द आमच्या अख्ख्या दवाखान्यात कुणालाही एका दमात म्हणता येत नसे. कुणी विचारलंच तर तात्या म्हणत, "मी ड्रेसर हाय. जखमा धुतो."

उंच, वाळकी अंगलट. खाकी शर्ट खांद्यावरून ओघळलेला, आणि बोटांना कायम आयोडिनचा पिवळा डाग. घराणं मेंढरं राखणारं. वडिलांचा मोठा कळप होता, दरसाल कोकणात उतरायचे. मग कालव्याचं पाणी फिरलं, चराईच्या माळांवर ऊस आला, आणि कळप राहिला नाही. धाकटा भाऊ सांगवीला ऊस करू लागला आणि तात्या चिकटले सरकारात. "आमच्यात मी पयला," ते म्हणत, "ज्येच्या अंथरुनाला चार भिंती मिळाल्या. पयलं वरीस झोपच लागंना."

त्यांची एक सवय होती, आणि ती ऐकून नवीन माणूस हमखास तोंड वाकडं करायचा. जनावराच्या पोटात जे जाणार, ते आधी तात्यांच्या जिभेवर जायचं. पोटफुगीचं तेल असो, क्षारांची भुकटी असो, बाटलीतलं काळंकुट्ट टॉनिक असो. बोट बुडवायचं, चाटायचं, डोळे मिटून क्षणभर थांबायचं, आणि मग निकाल द्यायचा. "कडू हाय, पर चालंल." नव्या डॉक्टर मॅडम हजर झाल्या त्या दिवशी तात्यांनी त्यांच्यासमोरच जंताचं औषध चाटलं. मॅडम ओरडल्याच, "तात्या, अहो ते जंतनाशक आहे!"

"मग काय झालं? माजंबी जंत मरत्याल."

मॅडम हसल्या नाहीत, मी हसलो. नंतर चहा पिताना मी विचारलं, हे खूळ आलं कुठून? तेव्हा तात्या एकदम गंभीर झाले. "सायब, खूळ न्हाय हे. आमचा बाप नव्या रानात मेंढरं घालायच्या आदी तितला पाला चावून बगायचा. सकाळपतूर पोटात दुखलं न्हाय तर मेंढरं आत. मुक्या जिवाला मी कुठल्या तोंडानं सांगू, हे खा म्हून? मी खाल्लं असंल तरच सांगनार."

मी तक्ता भरायला घेतला.

त्या जिभेचा गावात दबदबा होता, आणि तो फुकटचा नव्हता. गावातल्या एका बड्या बागायतदाराने, सगळे त्यांना आबा म्हणत, गाडीभर सरकी पेंड आणली होती. तात्या त्यांच्या गोठ्यात म्हशीचा खूर बांधायला गेले होते. जाता जाता पेंडीचा तुकडा तोंडात टाकला आणि लगेच थुंकले. "आबा, ही पेंड घालू नगा. बुरशी हाय."

"आरं आत्ता उतारलीया. ताजी हाय. तुला काय कळतंय?"

तात्यांनी पुन्हा सांगितलं आणि निघून आले. आठ-दहा दिवसांत आबांच्या म्हशींनी वैरण टाकली आणि त्यातली एक, चांगली दुभती, गेली. तेव्हापासून लोक पेंड, कुट्टी, एवढंच काय, नव्या बोअरचं पाणीसुद्धा तात्यांच्या जिभेला लावून मगच गोठ्यात न्यायला लागले. दवाखान्याच्या दारात आलेला माणूस माझ्या डोक्यावरून आत बघायचा आणि विचारायचा, "तात्या हायत का?" मी खुर्चीवर बसलेलो असायचो, डोळ्यांना दिसण्याएवढा. मला राग यायचा, पण खोटं कशाला बोलू, सोयही व्हायची. अवघड प्रश्न आला की म्हणायचं, तात्यांना विचारा.

आता पानफुटीचं सांगतो.

तात्यांना मुतखडा झाला होता. कुणीतरी पानफुटी सांगितली. रोज सकाळी अनशापोटी एक पान चावून खायचं. महिन्या-दीड महिन्यात खडा पडला. पानाने पडला की त्याचा तोच पडला, देव जाणे. पण तो खडा तात्यांनी काडेपेटीत कापसात ठेवला होता आणि पाहुण्यांना दाखवत. तेव्हापासून ते पानफुटीचे झाले. ज्यांनी हे झाड पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पान जाड, गुळगुळीत, पाणीदार आणि कडेला दातेरी. त्याला ना माती लागते ना खत. पान नुसतं भुईवर पडलं तरी कडेच्या खाचांमधून बारकी बारकी रोपं फुटतात. तात्यांच्या शर्टाच्या खिशात, गुरांच्या टोचणीच्या कार्डात घडी करून, दोन-तीन पानं कायम असायची. ज्या घरी जखम धुवायला जात, तिथे निघताना एक पान काढून देत. "डब्यात ठिवा. कुनाचं पोट दुखलं, खडा झाला, तर कामाला येतंय." एकदा माझ्या लसीकरणाच्या रजिस्टरात त्यांचं एक पान राहून गेलं आणि जूनच्या तक्त्यावर मुळांसकट फुटलं. बारामतीला माझ्या घरीही एक कुंडी पोचली. माझी आई रोज सकाळी देवाच्या आधी पानफुटीचं पान खायला लागली. खडा तिला कधीच झाला नव्हता.

मी चिडवायचो, "तात्या, तुमच्यामुळे सगळा तालुका हिरवा होणार." ते आनंदाने मान डोलवायचे.

दवाखान्याच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे एका खोलीत नलूताई ब्लाउज शिवायच्या. नवरा साखर कारखान्यात होता. एका सकाळी पाळी संपवून घरी आला, पाणी मागितलं आणि पाणी यायच्या आत गेला. मुलगी लग्न होऊन बारामतीला. दिवसकार्य झालं, मुलगी परत गेली, आणि नलूताईंनी शिलाई मशिनीवर चादर टाकली ती टाकलीच. दार निम्मं लोटलेलं असायचं. आत त्या भिंतीला टेकून बसलेल्या दिसायच्या. तात्या घरून भाकरी आणून उंबऱ्यावर ठेवत. कधी ती जायची, कधी कावळे न्यायचे. बायका ब्लाउजचं कापड घेऊन यायच्या आणि तशाच परत जायच्या. आम्ही रोज फाटकातून बघत होतो आणि कुणालाच काही सुचत नव्हतं.

अशात एका शेतकऱ्याच्या वैरणीच्या पेंढीत मांजराचं पिल्लू निघालं. आई कुठे गेली कळलं नाही. डोळे नुकते उघडलेले, अंग काळं, पाठीवर एक पांढरी रेघ. तात्यांनी ते शर्टात घातलं. बकरीचं दूध आणलं, आधी स्वतः चाखलं, मग सुई काढलेल्या सिरिंजने थेंब थेंब पाजलं. पंधरा दिवस ते पिल्लू औषधांच्या कपाटाखाली एका खोक्यात होतं. जरा तुरुतुरु चालायला लागलं तेव्हा एका सकाळी तात्यांनी ते नलूताईंच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं आणि दार न वाजवता परत आले.

"दिलं का तात्या?" मी विचारलं.

"मी कुठं दिलं? ते आपलं आपन गेलं."

आठवडा गेला नसेल, समोरून मशिनीचा आवाज आला. तात्या एका बैलाच्या खांद्याची जखम धुत होते. त्यांचा हात थांबला. बैलवाला म्हणाला, "काय झालं तात्या?" ते म्हणाले, "काय न्हाय. माशिन लागली." बैलवाल्याला काही समजलं नाही. मला समजलं आणि मी उगाच चष्मा पुसत बसलो.

पिल्लाचं नाव पडलं रिळी, कारण ती दोऱ्याची रिळं पळवायची. नलूताई आधी तिच्याशी बोलायला लागल्या, मग तिच्याबद्दल इतरांशी, मग इतरांशी. "माजी रिळी आज रुसलीया," असं त्या रस्ता ओलांडून आम्हाला सांगायच्या. आणि तात्यांनी काय करावं? खूश होऊन रंगाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात लावलेली आपली चांगली वाढलेली पानफुटी नेऊन त्यांच्या खिडकीत ठेवली, मशिनीच्या बाजूला. मांजरही त्यांनीच दिलं आणि झाडही त्यांनीच.

थंडीत पानफुटीला लांब दांडा येतो आणि त्याला खाली लोंबणारी, कंदिलासारखी फुलं लागतात. वाऱ्याने हलतात. त्या वर्षीही आली.

एका दुपारी नलूताई दवाखान्यात आल्या. मॅडम इंदापूरला मीटिंगला गेल्या होत्या. मी महिन्याचा अहवाल घेऊन बसलो होतो. "डॉक्टर," त्या म्हणाल्या (गावात मलाही डॉक्टरच म्हणत), "रिळी त्या झाडाशी लई खेळती. फुलं तोडून चघळती. तिला काय व्हायचं न्हाय ना?"

मी मान वर केली नाही. आमच्या रजिस्टरात गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी, कुत्रा, सगळ्यांना रकाने होते. मांजराला रकाना नव्हता. मांजर आलंच तर 'इतर'मध्ये जायचं. आणि मांजर घेऊन येतंय कोण? मी म्हणालो, "तात्यांना विचारा. झाड त्यांचंच आहे."

संध्याकाळी मॅडम येणार होत्या. 'मॅडमना विचारून सांगतो' एवढं म्हणायला मला काय झालं होतं? पण मी नाही म्हणालो.

तात्या नलूताईंबरोबर रस्ता ओलांडून गेले. मला खिडकीतून दिसत होतं. त्यांनी डब्यातलं एक मोठं पान तोडलं, तोंडात घातलं, सावकाश चावलं, गिळलं, आणि शाळेतल्या पोराने डॉक्टरला दाखवावं तसं तोंड उघडून दाखवलं. आवाजही आला. "हे बगा ताई. मी रोज खातो. खुशाल ठिवा."

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी सकाळी नलूताई पदरात काहीतरी घेऊन पळत आल्या. रिळीच्या तोंडातून लाळ गळत होती. मान टाकलेली. उभं करायला गेलं की पाय दुमडायचे. मॅडमनी टेबलावर घेतलं.

"काय खाल्लंय?"

"भाकरी-दूध. सकाळधरनं वकती. त्यात ती फुलं हायत."

"कसली फुलं?"

नलूताईंनी तात्यांकडे बघितलं. तात्या स्वतःच पलीकडे गेले आणि डबा उचलून घेऊन आले. दांड्यावरची निम्मी फुलं गेलेली होती. मॅडमनी मांजराच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, मग फोनवर काहीतरी शोधलं, पान उलटसुलट करून पाहिलं, पुन्हा फोन पाहिला. मग अगदी हळू म्हणाल्या, "तात्या, हे मांजराला विष आहे."

"मॅडम, मी खातो की."

"तुम्हाला पचत असेल. तिला नाही. तिच्या हृदयावर जातं ते. आणि फुलात सगळ्यात जास्त."

"मी रोज खातो की, मॅडम."

मॅडम सलाइन लावायला लागल्या. तात्यांनी मांजराचे चारही पाय एका हातात धरले होते, सुई हलू नये म्हणून. इतक्या हलक्या हाताने मी कुणालाच काही धरताना पाहिलं नाही. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "मी खातो की." या वेळी ते कुणालाच उद्देशून नव्हतं.

दुपारी चारच्या सुमारास रिळी गेली. मॅडम भल्या बाई. तात्यांचं तोंड बघून म्हणाल्या, "अशी सगळीच मरत नाहीत, तात्या. ही लहान होती, अशक्त होती, दुसरंही काही असू शकेल. खात्रीने नाही सांगता येत."

"पर हे बी असंल?"

"असेलही."

तेवढं तात्यांना पुरलं.

दवाखान्यामागे तात्यांनी खड्डा खणला. नलूताईंनी ब्लाउजच्या अस्तराचं पांढरं कापड आणलं. त्या रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. माती लोटून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तात्या, तुमी फूल खाल्लं हुतं का?"

"न्हाय ताई. पान."

त्यांनी मान हलवली आणि रस्ता ओलांडून गेल्या. त्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर तेवढंच जाणून घ्यायचं होतं, असं मला वाटतं. पण तात्या फावडं धरून तिथेच उभे राहिले, अंधार पडायला लागेपर्यंत. मी आत जाऊन रजिस्टर उघडलं आणि 'इतर' या रकान्यात '१' हा आकडा घातला.

मशीन दुसऱ्या दिवशी चालू झाली. लग्नसराई होती, बायकांचे ब्लाउज द्यायचे होते. आवाज तोच होता, पण तात्या आता तो आला की थांबत नसत.

नंतर तात्यांनी जे केलं त्याला गाव हसलं. दिलेली पानफुटी परत मागायला ते घरोघर फिरले. सायकलवर मागे गोणपाट बांधायचं, दवाखाना सुटला की निघायचं. बायका म्हणायच्या, "तात्या, दिल्यालं कुनी परत मागतंय व्हय?" कुणी म्हणायचं, "आमच्यात मांजरच न्हाय." तात्या म्हणायचे, "आज न्हाय. मांजर काय इचारून येतंय का?" कुणी दिली, कुणी वेड्यात काढलं. आबांनी तर सगळ्यांदेखत सुनावलं, "म्हशीवेळी तुजं ऐकलं न्हाय म्हून पस्तावलो. आता ह्ये तरी ऐकाय पायजे. घिऊन जा." तात्यांना ते लागायला नको होतं, ती त्यांच्या शब्दाची किंमतच होती. पण त्यांना लागलं. झाड उपटून गोणपाटात घातलं आणि पाणीही न पिता निघाले, असं आबांच्या सुनेने मला सांगितलं.

एका रविवारी ते एसटीने माझ्या घरी बारामतीला आले. आईने कुंडी द्यायला साफ नकार दिला. "माझ्या पोटाला बरं वाटतं त्यानं," ती म्हणाली. तात्या सोफ्याच्या टोकावर बसून राहिले. बायकोने चहा दिला. शेवटी म्हणाले, "आज्जी, तुमी खावा. पर कुंडी उंचावर टांगा. आन फूल आलं की खुडा. एवढं कराल?" आईने कबूल केलं. जाताना जिन्यात थांबून मला म्हणाले, "सायब, ध्यान ठिवा. म्हातारी इसरंल."

त्यांना माहीत होतं की हे झाड असं संपत नाही. जिथून उपटलं तिथे एखादं पान गळलेलं असायचं, आणि पावसाळ्यात पुन्हा डझनभर रोपं. तात्या पुन्हा जायचे.

याच दिवसांत एकदा मला म्हणाले, "नलूताईच्या खिडकीला बारकं कायतरी द्यावं. मांजराला चालंल असं." आम्ही बारामतीच्या एका रोपवाटिकेत गेलो. तिथे अशा जाड पानांच्या कुंड्यांची रांगच होती. लोक हल्ली वास्तुशांतीला देतात. तात्यांनी मालकाला विचारलं, "ह्येच्यानं मांजराला काय हुतं का?"

"काय नाय होत. बिनधास्त न्या."

"तुमी खाल्..." असं म्हणता म्हणता तात्या थांबले. मालक त्यांच्याकडे बघत राहिला. तात्यांनी मला मॅडमना फोन लावायला सांगितला. मी एकेका कुंडीचा फोटो पाठवत गेलो. पैसा येतो म्हणून घरोघर असतं ते गोल पानांचं जेड, नको. कोरफड, तीही नको. मग एक वीतभर उंचीचं, टोकदार पानांचं, पांढऱ्या पट्ट्यांचं झाड. कोरफडीचं पिल्लू वाटावं असं. मॅडम म्हणाल्या, "हे हॉवर्थिया. हे चालेल. पण कोरफडीशी गल्लत नका करू, बघून घ्या." तात्यांनी ते हातात घेऊन कितीतरी वेळ निरखलं. "काटेरी दिसतंय ते गरीब," ते म्हणाले, "आन मऊ हुतं ते तसलं. जिभंला ह्यातलं काय कळतंय?"

त्यांनी ती कुंडी नलूताईंना नेऊन दिली. "ताई, ह्येला भ्या न्हाय. मॅडमनी बगून सांगितलंय."

नलूताईंनी कुंडी घेतली, मशिनीजवळ ठेवली. मग म्हणाल्या, "पर तात्या, आता मांजर कुठाय?"

तात्यांनी दुसरं पिल्लू आणून द्यायचं बोलून पाहिलं. त्या नको म्हणाल्या. पुढच्या वर्षी मुलीने त्यांना बारामतीला नेलं. खोली रिकामी झाली तेव्हा कुंडी खिडकीतच होती. तात्यांनी ती घरी नेली.

दवाखान्यात ते आणखी तीन वर्षं होते, पण त्यांनी पुन्हा काही चाखलं नाही. लोक पेंड घेऊन यायचे, मूठभर पुढे करायचे. तात्या हात मागे बांधून म्हणायचे, "मॅडमना दाखवा." लोकांना वाटलं, म्हातारा माजला. मला वाटायचं, काहीतरी बोलावं. त्या दुपारी नलूताईंनी आधी मला विचारलं होतं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. रोज एकाच टेबलावर डबा खायचो आणि रोज गप्प राहायचो.

निवृत्तीनंतर ते भावाकडे सांगवीला गेले. मीही सुटलो. मध्ये बरीच वर्षं गेली, आणि मग कुणीतरी सांगितलं की तात्यांचं आता काही खरं नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी स्कूटर काढली.

उसाच्या कडेला पत्र्याचं घर. अंगणात फरशी, फरशीच्या फटींत हिरवं काहीतरी. तात्या जमिनीवर उकिडवे बसून एकेका फटीतून बारकी रोपं चिमटीने उपटत होते. पानफुटीच होती. "पोरांनी कवा एकदा एक पान टाकलं हितं," ते म्हणाले. "रोज काडतो. रोज हाय." हात काडीसारखे झाले होते. पायरीवर ती पट्ट्यापट्ट्यांची कुंडी होती, आता चांगली पसरलेली, आणि तिच्याशेजारी एक करडं मांजर. कुणाचंच नव्हतं म्हणे. आपलं आपण आलेलं.

चहा झाला. मग मी धीर करून म्हणालो, "तात्या, त्या वेळी नलूताईंनी आधी मला विचारलं होतं. मीच त्यांना तुमच्याकडे धाडलं."

"ठावं हाय. ताई बोलल्या हुत्या."

"मग तुम्ही मला कधी काही म्हणाला नाहीत?"

"काय म्हनू? 'खुशाल ठिवा' असं तुमी न्हाय म्हनला. मी म्हनलो."

त्यांच्या भावजयीने आतून वाटीत दूध आणि कुस्करलेली भाकरी आणून दिली, मांजरासाठी. मांजर उठून तात्यांच्या पायात घोटाळायला लागलं, ओरडायला लागलं. तात्यांनी वाटी घेतली आणि जुन्या सवयीने ओठांपर्यंत नेली. तिथे हात थांबला. वाटी तशीच धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सायब, दूध मांजराला चालतंय न्हवं?"

आयुष्यात पहिल्यांदा तात्या मला काही विचारत होते. मांजर इतकं ओरडत होतं, आणि दूधच तर होतं. माझ्या तोंडून आलं, "द्या की तात्या. खुशाल द्या."

"कशावरनं?"

मी खिशात स्कूटरची किल्ली चाचपली. थोड्या वेळाने निघतो म्हणालो, त्यांच्या पाया पडलो आणि स्कूटर चालू केली. उसाच्या वळणावर मागे बघितलं. तात्या पायरीवर वाटी हातात धरून बसलेच होते, आणि मांजर त्यांच्या गुडघ्यावर पाय देऊन उभं होतं.